आगाजादे: फारसी मालिकेतला सरळमार्गी अधिकारी आणि परवाना मिळालेला चोर

उन्हाळवाट

'आगाजादे' ही फारसी मालिका नुकतीच संपवली. घरात ऐकायला कोणी उरलं नाही, म्हणून हा धागा.

इराण म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना फिल्म फेस्टिव्हलचा इराण आठवतो. डोंगरातला नागमोडी रस्ता, शाळकरी मुलं, जागचा न हलणारा कॅमेरा. हे तसलं काही नाही. ही चक्क मसालेदार क्राइम मालिका आहे. २०२० साली फिलिमो या तिथल्या ऑनलाइन सेवेवर आली. दिग्दर्शक बेहरंग तौफिघी, लेखक आणि निर्माता हामेद अंघा. याच जोडीची 'पेदर' (म्हणजे बाप) ही मालिका २०१८ साली सरकारी टीव्हीवर झाली होती आणि तिचा नायक हामेद तेहरानी इथे पुन्हा भेटतो. फरक एवढाच की तिथे तो प्रेमात पडलेला, बाजारातल्या धार्मिक घरातला मुलगा होता आणि इथे तो न्यायखात्यात बसून भ्रष्टाचाराच्या फायली उपसतोय. काम सीना मेहरादनेच केलंय.

समोर निमा बहरी. बड्या बापाचा लेक. 'आगाजादे' हा शब्द इराणात अशाच पोरांसाठी वापरतात: ज्यांचं आडनाव ऐकूनच बँकेचा मॅनेजर खुर्चीतून उठतो, ती मंडळी. अमीर आगाईने हा निमा असा काही उभा केलाय की तिसऱ्या भागापासून मी नायक कधी एकदा फ्रेममधून जातोय याची वाट बघायला लागले. आवाज चढवत नाही, हात उगारत नाही, समोरच्याला खुर्ची देतो आणि मग हळूच त्याची किंमत विचारतो. दोघांच्या मधे राजिये (परदीस पूरआबेदिनी). तिचं काय होतं ते सांगत नाही. बघणाऱ्यांनी बघावं.

आता माझा मुद्दा. मालिका धीट आहे असं सगळीकडे म्हणतात. मला ती अर्धीच धीट वाटली. चोर कोण असू शकतो, तो किती वरच्या मजल्यावर राहू शकतो आणि त्याला पकडणारा हात कोणाचा असला पाहिजे, हे लिहिण्याआधीच ठरलेलं दिसतं. महाल दाखवा, गाड्या दाखवा, परदेशातली खाती दाखवा, पण शेवटी न्याय यायचा तो न्यायखात्यातूनच. नायकाचं ऑफिस मला सगळ्या मालिकेत सगळ्यात स्वच्छ जागा वाटली.

आणि ज्या वर्षी ही मालिका चालू होती त्याच वर्षी तेहरानमध्ये खरा खटला कोणावर चालू होता? अकबर तबरी. हा बाहेरचा कोणी नव्हे, न्यायखात्याच्या प्रमुखाच्या कार्यालयातला वर्षानुवर्षांचा बडा अधिकारी. लाच, पैशाची फिरवाफिरवी, आलिशान फ्लॅट. फ्लॅट मित्रांनी का दिले यावर कोर्टात त्याचं म्हणणं साधारण असं: आमची मैत्रीच तशी आहे, मी म्हटलं तर मित्र अख्खं लवासान माझ्या नावावर करील. (लवासान म्हणजे तेहरानच्या ईशान्येला डोंगराच्या कुशीतली श्रीमंतांच्या बंगल्यांची वस्ती.) ३१ वर्षांची शिक्षा सुनावली. हे वाक्य कुठल्या पटकथाकाराला सुचलं असतं?

कोणी पाहिलीये का? काय वाटलं?

साधासुधा

वाचतोय. पाहिली नाही. भारतात कुठे दिसते?

उन्हाळवाट

@साधासुधा, मी यूट्यूबवर इंग्रजी उपशीर्षकांसह तुकड्यातुकड्यांत पाहिली. उपशीर्षकं कामचलाऊ आहेत, मधेच दोन मिनिटं गायब होतात. चेहऱ्यांवरून काम चालतं.

पेठेतला_बोका

सरकारी परवानगीने निघालेली, सरकारी खात्याचा नायक असलेली, सरकारच भ्रष्टाचार कसा मोडतंय हे सांगणारी मालिका. याला आमच्या गावाकडे जाहिरात म्हणतात. त्यावर एवढं लिहायला तुम्हाला वेळ मिळाला याचं कौतुक वाटतं.

नीलमोहर

बोकेराव सकाळीच फिस्कारले :)

मी निम्मी पाहिली आहे. मला कथेपेक्षा दृश्यांचे नियम बघायला मजा आली. तिकडच्या पडद्यावर बाई घरात, स्वतःच्या बेडरूममध्ये, नवऱ्यासमोरसुद्धा डोकं झाकूनच असते. नवरा-बायकोची भूमिका करणारे एकमेकांना हात लावत नाहीत. आई मुलाला कुशीत घेत नाही. आता या चौकटीत तुम्ही श्रीमंतांच्या बिघडलेल्या पोरांची पार्टी दाखवा बघू! मग सगळा भार पडतो गाड्यांवर, घड्याळांवर, झुंबरांवर आणि मोठ्या आवाजातल्या संगीतावर. पाप दाखवायचं ते सगळं वस्तूंमधून. एका अर्थाने भ्रष्टाचाराच्या गोष्टीला ही अडचण पथ्यावरच पडली आहे. माणसं कमी आणि मालमत्ता जास्त दिसते.

चिंचपोकळी_लोकल

एक बेसिक प्रश्न. नायक नक्की आहे कोण? सरकारी वकील म्हणावं तर तो अटक काय करतो, चौकशी काय करतो, पोलिसांना हुकूम काय सोडतो. आपले सरकारी वकील बिचारे तारखेला फाइल मिळाली तरी खूश असतात.

वकिलीण

@चिंचपोकळी_लोकल, इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होईल म्हणून जरा सविस्तर लिहिते. एलएलएमला तुलनात्मक फौजदारी प्रक्रिया हा माझा विषय होता.

आपल्याकडे तपास पोलिसांचा. सरकारी वकील कोर्टात खटला चालवतो, तपासात त्याला हात घालता येत नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तर ही दोन्ही कामं मुद्दाम वेगळी केली. इराणची रचना युरोपातल्या, विशेषतः फ्रेंच वळणाची. तिथे 'दादसरा' नावाची कचेरी असते. तिचा प्रमुख दादस्तान. हाताखाली दादयार. आणि याच कचेरीत बाजपोर्स बसतो, म्हणजे तपास करणारा न्यायाधीशच म्हणा. आरोपीला बोलावणं, कागद जप्त करणं, कोठडीत ठेवणं, हे बाजपोर्स करतो, दादस्तानच्या देखरेखीखाली. पोलीस त्यांच्या सांगण्यावर चालतात. तपास झाला की 'कैफरखास्त' म्हणजे आरोपपत्र कोर्टात जातं.

हे सगळे लोक न्यायखात्याचेच. बाजू मांडणारा आणि निवाडा करणारा एकाच घरातले, एकाच माणसाने नेमलेले. न्यायखात्याचा प्रमुख सर्वोच्च नेता पाच वर्षांसाठी नेमतो आणि देशाचा महाअभियोक्ता हा प्रमुख नेमतो. राज्यघटनेप्रमाणे हे दोघेही मुज्तहिद, म्हणजे धर्मशास्त्रातले अधिकारी विद्वान असावे लागतात. त्यामुळे मालिकेतला नायक नमाजी, मितभाषी आणि खाली मान घालून बोलणारा आहे ते उगाच नाही.

आता गंमत ऐका. १९९४ साली इराणने ही दादसराच मोडीत काढली. म्हणजे देशात फिर्यादी पक्षच नाही! एकच न्यायाधीश चौकशी करणार, आरोप ठेवणार, वाद घालणार आणि निकालही देणार. गोंधळ एवढा झाला की २००२ मध्ये कायदा बदलून दादसरा परत आणली.

साधासुधा

म्हणजे आठ वर्षं आरोप करणारा आणि न्याय देणारा एकच माणूस?

वकिलीण

हो. आणि त्याच काळात इराणमधला सगळ्यात गाजलेला भ्रष्टाचाराचा खटला झाला, तोही टीव्हीवर. १९९८, तेहरानचे महापौर गुलामहुसैन करबास्ची.

करबास्चींनी शहर बदललं होतं. बागा, महामार्ग, जुन्या कत्तलखान्याच्या जागी सांस्कृतिक केंद्र. अध्यक्ष खातमींच्या गोटातले, त्यामुळे विरोधकांना खुपणारे. पालिकेच्या पैशांच्या अफरातफरीचा आरोप ठेवला. न्यायाधीश होते मोहसेनी एजेई आणि वर सांगितल्याप्रमाणे फिर्यादीही तेच. ते आरोप वाचायचे, करबास्ची उलटून बोलायचे, ते चिडायचे, करबास्ची चष्मा पुसत पुन्हा शांतपणे आकडे मागायचे. ही सुनावणी टीव्हीवर दाखवली आणि लोक मालिका बघावी तशी बघत बसले. तो फुटबॉल विश्वचषकाचा महिना होता हेही लक्षात घ्या. २१ जूनला इराणने अमेरिकेला हरवलं होतं.

करबास्चींना पाच वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती दोनवर आली. एजेई २०२१ पासून देशाच्या न्यायखात्याचे प्रमुख आहेत.

पेठेतला_बोका

हे मात्र भारी आहे. एक गुण वकिलीणबाईंना. मालिकेचा शून्य कायम.

अनाहत

बोका, शून्य देण्याआधी निदान बघा तरी.

मला उन्हाळवाटताईंचा मुद्दा पटतो पण त्याची दुसरी बाजूही आहे. परवानगी घेऊन काढलेली गोष्ट प्रेक्षक परवानगीच्या चौकटीत बघतातच असं नाही. 'आगाजादे' हा शब्द तिथल्या लोकांच्या तोंडी नव्वदच्या दशकापासून आहे. २०१७ साली एका माजी उपाध्यक्षांच्या मुलाने मुलाखतीत आपल्या यशाचं श्रेय 'चांगल्या जीन्स'ना दिलं आणि देशभर त्याची टर उडाली. त्याआधी इन्स्टाग्रामवर तेहरानच्या श्रीमंत पोरांचं एक पान होतं, पोहण्याचे तलाव आणि पोर्शे गाड्या. बाहेर निर्बंध, आत महागाई आणि तोमान (तिथलं रोजच्या व्यवहारातलं चलन, एक तोमान म्हणजे दहा रियाल) घसरतोय. अशा वेळी तुम्ही पडद्यावर निमा बहरी आणून उभा केला की लोकांना तुमचा नायक दिसतच नाही. लोक निमाकडे बघून ओळखीची नावं घेतात. ती नावं सेन्सॉरला कापता येत नाहीत.

उन्हाळवाट

@अनाहत, हे पटलं, पण अर्धंच. लोक नावं घेतात हे खरं. पण मालिका त्यांना एक सोय पण देते ना? की सगळं या पोरांमुळे बिघडलं. बापांनी क्रांती केली, पोरांनी माती केली. हा हिशेब कोणाच्या फायद्याचा आहे?

हरणटोळ

बापांच्या पिढीचा हिशेब हवा असेल तर १९९५ चं बँक सादेरात प्रकरण बघा. १२३ अब्ज तोमानचा घोटाळा, त्या काळातला सर्वात मोठा. मुख्य आरोपी दोन. एक फाजेल खोदादाद, व्यापारी. दुसरा मोर्तजा रफिगदूस्त, ज्याचा भाऊ मोहसेन रफिगदूस्त तेव्हा बोनयाद-ए-मोस्तजफान या अवाढव्य सरकारी प्रतिष्ठानाचा प्रमुख होता. आणि क्रांतीच्या वेळी खोमेनी विमानतळावरून शहरात आले ती गाडी चालवणारा माणूस तो हाच.

खोदादादला फाशी. रफिगदूस्तला जन्मठेप.

एकच गुन्हा, एकच फाइल. म्हणून 'चोर किती वरच्या मजल्यावर राहू शकतो' हा धागाकर्तीचा प्रश्न मालिकेपुरता नाही.

चिंचपोकळी_लोकल

आर्थिक गुन्ह्याला फाशी?

हरणटोळ

हो. 'इफ्साद फिल अर्ज', पृथ्वीवर भ्रष्टता पसरवणं, या कलमाखाली. २०१३ च्या दंडसंहितेत देशाची अर्थव्यवस्था मोठ्या प्रमाणावर खिळखिळी करणंही त्यात बसतं. २०११ मध्ये तीन हजार अब्ज तोमानचा बँक घोटाळा उघडकीला आला, त्यातल्या महाफरीद अमीर खोसरवीला मे २०१४ मध्ये एविन तुरुंगात फाशी दिली. त्याच प्रकरणात नाव आलेला बँक मेल्लीचा प्रमुख महमूद खावरी तोवर कॅनडात पोचला होता. २०१८ मध्ये रियाल कोसळत असताना खास आर्थिक न्यायालयं काढली, भरभर निकाल, अपिलाला जागा फार थोडी. त्या वर्षी नोव्हेंबरात 'नाण्यांचा सुलतान' म्हणून ओळखला जाणारा वहीद मझलूमीन फासावर गेला. सोन्याची नाणी साठवून बाजार फिरवला हा आरोप.

सुलतान हा शब्द तिकडच्या वर्तमानपत्रांचा आवडता. नाण्यांचा सुलतान, डांबराचा सुलतान... प्रत्येक टंचाईला एक सुलतान सापडतो.

नीलमोहर

डांबराचा सुलतान!! हे तुम्ही आत्ता बनवलंत.

हरणटोळ

खरंच आहे. डांबराच्या (बिट्युमेन) घोटाळ्यात त्यालाही २०१८ मध्येच फाशी झाली. हसण्यासारखं नाही हो ते.

वकिलीण

हरणटोळ यांच्या माहितीला जोडून. हे खटलेही टीव्हीवर दाखवतात. आरोपी पहिल्या रांगेत राखाडी-निळ्या कैद्यांच्या कपड्यांत, समोर न्यायाधीश आणि दादस्तानचा प्रतिनिधी आरोपपत्र वाचतोय. माझ्या मते 'आगाजादे'सारख्या मालिकांची पटकथा या थेट खटल्यांनी आधीच लिहून ठेवलेली असते. प्रेक्षकाला साचा पाठ आहे: रक्कम आधी, मग घरांची यादी, मग बायको-मुलांच्या नावावरचं काय काय, मग आरोपी म्हणणार की मी देशासाठीच केलं. मालिका फक्त पार्श्वसंगीत देते.

बर्लिनकर

इथे बर्लिनमध्ये इराणी लोक भरपूर आहेत. इराणी दिग्दर्शक मोहम्मद रसूलोफचा 'द सीड ऑफ द सेक्रेड फिग' हा चित्रपट मी थिएटरात पाहिला तेव्हा आजूबाजूला निम्म्याहून जास्त फारसी बोलणारेच होते. मध्यंतर इथे नसतं, नाहीतर लोक बाहेरच गेले असते, एवढी घुसमट.

तो इथे आणायचं कारण असं की त्याचा नायकही बाजपोर्स आहे! इमान. वीस वर्षं इमानेइतबारे नोकरी करून नुकतीच बढती मिळालेला, क्रांतिकारी न्यायालयात. पहिल्याच आठवड्यात त्याला सांगतात, फाशीच्या कागदावर सही कर, फाइल वाचायची गरज नाही. आधीच्या माणसाने सही केली नाही म्हणूनच ही जागा रिकामी झाली. मग २०२२ ची, महसा अमिनीच्या कोठडीतल्या मृत्यूनंतरची, निदर्शनं सुरू होतात, घरात दोन तरुण मुली, आणि सरकारने संरक्षणासाठी दिलेलं पिस्तूल घरातूनच गायब.

'आगाजादे'चा हामेद आणि हा इमान एकाच कचेरीत नोकरीला आहेत असं समजून दोन्ही बघा. एकाला परवाना होता. दुसरा लपूनछपून चित्रित केला. रसूलोफला आठ वर्षांची कैद आणि फटक्यांची शिक्षा झाली, मे २०२४ मध्ये तो डोंगर ओलांडून पायी देशाबाहेर पडला आणि कान चित्रपट महोत्सवात जाऊन खास ज्युरी पुरस्कार घेतला. ऑस्करला तो चित्रपट जर्मनीच्या नावाने गेला.

अनाहत

बर्लिनकर, छान. पण तुलना थोडी अन्यायाची आहे. रसूलोफला युरोपचा प्रेक्षक मिळाला. तेहरानमधल्या एखाद्या मावशी रात्री जेवण आटोपल्यावर जे बघतात ते 'आगाजादे'. आणि माझ्या मते मावशी काय बघतात यावरून देश जास्त कळतो.

बर्लिनकर

मावशींच्या हातातही रसूलोफ पोचतो हो, पेनड्राइव्हवर. इथल्या ओळखीच्या इराणी कुटुंबांचे नातेवाईक तिकडे सगळं बघून बसलेले असतात.

पेठेतला_बोका

मग मी रसूलोफ बघतो. धन्यवाद. धागा सार्थकी लागला.

उन्हाळवाट

बोका, जरूर बघा. पण त्यात निमा बहरी नाही, हे सांगून ठेवते. दुष्ट माणूस चहा ओततानाही भीती वाटावी असा अभिनय बघायचा तर इकडेच यावं लागेल.

रानकेळ

उशिरा येतेय. कोणी 'शहरजाद'चा विषय काढला नाही याचं नवल वाटलं. भ्रष्टाचारावरच्या मालिकांबद्दल बोलताय, मालिकांमधल्या भ्रष्टाचाराबद्दलही बोलू की.

'शहरजाद' २०१५ ला आली. हसन फतहीचं दिग्दर्शन, १९५३ च्या सत्तापालटाची पार्श्वभूमी, शहाब हुसैनी, तराने अलीदूस्ती, अली नसिरियान. तीन पर्व झाली. हे 'नमायेश-ए-खानगी' नावाचं प्रकरण तेव्हा भरात होतं. म्हणजे सरकारी टीव्हीवर न जाता थेट घरोघरी विकायच्या मालिका. आधी तर त्यांच्या डीव्हीडी चक्क किराणा दुकानात मिळायच्या, दूध, ब्रेड आणि नवा भाग. २०१० मध्ये मेहरान मोदिरीच्या 'कहवे-ए-तल्ख'ने ही वाट पाडली. सरकारी टीव्हीपेक्षा इथे जरा मोकळीक, म्हणून चांगले नट इकडे वळले आणि नटांमागोमाग पैसा आला.

पैसा कोणाचा? 'शहरजाद'मध्ये पैसा घालणारा मोहम्मद एमामी पुढे अटकेत गेला. सरमाये बँक आणि शिक्षकांच्या बचत निधीचं प्रकरण. म्हणजे मास्तरांच्या पगारातून कापलेले पैसे जिथे साठत होते तो निधी, त्याच्या मालकीची बँक, आणि त्या बँकेतून परत न आलेली कर्जं. त्याला २० वर्षांची शिक्षा झाली. त्याच बँकेच्या प्रकरणात दुसरा आरोपी हादी रझवी, एका मंत्र्याचा जावई. त्यालाही २० वर्षं.

देशातली सगळ्यात लाडकी मालिका, आणि तिच्यामागे हा पैसा. 'आगाजादे'वाल्यांनी ही गोष्ट का नाही केली, असा माझा भोळा प्रश्न.

नीलमोहर

अरे देवा. मी 'शहरजाद' दोनदा पाहिली आहे. तराने अलीदूस्ती त्यात काय दिसते! तिलाही २०२२ मध्ये निदर्शनांना पाठिंबा दिला म्हणून आत टाकलं होतं, जानेवारी २०२३ मध्ये सोडलं.

साधासुधा

हे वाचून मला एवढंच वाटतंय की यांच्याकडे पटकथा लिहायला माणसं कशाला ठेवतात.

हरणटोळ

@साधासुधा, मग हे वाचाच. ३ फेब्रुवारी २०१३, इराणची संसद. मंत्र्यावर महाभियोग चालू आहे. कारण काय, तर त्याने सईद मोर्तझवीला सामाजिक सुरक्षा संस्थेच्या प्रमुखपदी ठेवलं. मोर्तझवी कोण? २००३ ते २००९ तेहरानचा दादस्तान, म्हणजे आपल्या मालिकेच्या नायकाचा साहेब म्हणा. त्याआधी न्यायाधीश असताना वर्तमानपत्रांमागून वर्तमानपत्रं बंद करणारा. २००९ च्या निदर्शकांच्या कहरिझक कोठडीतल्या मृत्यूंमध्ये नाव आलेला.

अध्यक्ष अहमदीनेजाद मंत्र्याच्या बचावाला उभे राहतात आणि सभागृहात एक ध्वनिचित्रफीत वाजवतात. तिच्यात मोर्तझवी आणि फाजेल लारिजानी बोलतायत, धंद्यातले फायदे आणि वरच्या ओळखी यांच्या देवाणघेवाणीबद्दल. फाजेलचा एक भाऊ सादेक लारिजानी, न्यायखात्याचा प्रमुख. दुसरा भाऊ अली लारिजानी, संसदेचा सभापती, जो त्या क्षणी वर खुर्चीत बसून हे ऐकतोय!

सभापतींनी अहमदीनेजाद यांना पुढे बोलू दिलं नाही, मंत्री पडला, दुसऱ्या दिवशी मोर्तझवीला अटक आणि थोड्याच दिवसांत सुटका. त्याला कहरिझक प्रकरणी तुरुंगात जायला २०१८ उजाडलं, दोन वर्षांची शिक्षा.

चिंचपोकळी_लोकल

हातातला वडापाव थंड झाला वाचता वाचता.

वकिलीण

मोर्तझवीचं नाव निघालंच आहे तर मालिकेबद्दलची माझी खरी तक्रार सांगते. भ्रष्टाचार पकडणारा दादस्तान आणि पत्रकार पकडणारा दादस्तान ही दोन माणसं नसतात. कचेरी एक, शिक्का एक. २०२० च्या जूनमध्येच गुलामरझा मन्सूरी नावाचा माजी न्यायाधीश बुखारेस्टच्या हॉटेलात खाली पडून मेलेला सापडला. तबरीच्या खटल्यात त्याच्यावर पाच लाख युरो लाच घेतल्याचा आरोप होता. आणि २०१३ मध्ये एका फटक्यात डझनावारी पत्रकार आत टाकल्याबद्दल पत्रकारांच्या संघटना त्याच्या मागे लागल्या होत्या. पडला की पाडला, यावर अजून वाद आहे.

मालिकेत हामेद कधी पत्रकाराच्या घराची झडती घेताना दिसत नाही. त्याच्या टेबलावर फक्त चोरांच्याच फायली येतात. मला खटकतं ते हे. नायक प्रामाणिक दाखवा, असतात प्रामाणिक माणसं, माझ्याच ओळखीत दोन सरकारी वकील आहेत ज्यांच्यासाठी मी शपथ घेईन. पण त्याला त्याच्या कचेरीचं पूर्ण काम तरी द्या.

अनाहत

+१. हे उन्हाळवाटताईंच्या मूळ मुद्द्यापेक्षाही टोकदार आहे.

उन्हाळवाट

मान्य, आणि मला हे असं मांडता आलं नसतं. मी चोराच्या बाजूने छत बघत होते, वकिलीणबाईंनी नायकाच्या टेबलावरच्या फायली मोजल्या.

एक सीन मात्र मालिकेच्या बाजूने नोंदवते. निमाच्या वाड्यासारख्या घरात नोकर माणसं कायम कडेला उभी असतात. कॅमेरा त्यांच्यावर थांबत नाही, पण तीच तीच माणसं पुन्हा दिसत राहतात, ट्रे घेऊन, दार उघडून. मोठ्यांच्या भांडणात ती ऐकत असतात. कोणीतरी लेखन-दिग्दर्शनात हे मुद्दाम केलंय असं मला वाटतं. परवाना देणाऱ्याच्या नजरेत ते आलं नसणार.

रानकेळ

परवान्यावरून, अवांतर नाही पण थोडं बाजूचं. तिकडे या ऑनलाइन मालिकांना परवाना कोणी द्यायचा यावरच मोठी लढाई आहे. सांस्कृतिक मंत्रालय म्हणतं आमचा हक्क, सरकारी टीव्हीच्या हाताखालची 'सात्रा' नावाची संस्था म्हणते आमचा. म्हणजे स्पर्धकाचं दुकान चालू ठेवायचं की नाही हे सरकारी टीव्ही ठरवणार. निर्माते दोन्हीकडे खेटे घालतात. तेव्हा पटकथेत काय आहे यापेक्षा ती कोणाच्या टेबलावर गेली याला महत्त्व.

साधासुधा

दोन भाग पाहिले काल रात्री. बायको म्हणाली हा खलनायकच नायक आहे का. तिसरा आज.

पेठेतला_बोका

बघायला हरकत नाही, पण माझ्या मते दुसऱ्या पर्वाची कथा तयारच आहे. बाबक झंजानी. निर्बंधांच्या काळात सरकारचं तेल विकून देतो म्हणाला, पैसे परत केले नाहीत, तेल मंत्रालयाचे दोन अब्ज डॉलरच्या वर थकवले. डिसेंबर २०१३ मध्ये अटक, २०१६ मध्ये फाशीची शिक्षा. मग मालमत्ता परत केली म्हणून २०२४ मध्ये फाशीची वीस वर्षं झाली. आणि २०२५ मध्ये साहेब बाहेर येऊन रेल्वेत गुंतवणूक करतायत, ट्विटरवर देशाला सल्ले देतायत.

हरणटोळ

बोका, तुम्ही मालिका न बघता तिच्यावर सगळ्यात जास्त वाचन केलेलं दिसतंय.

पेठेतला_बोका

वाचन जुनंच. पहिला भाग मात्र आत्ताच संपवला. आगाई बरा आहे.